देग पुरुषाची, तवा बाईचा?

आमच्या भागातून आखातात जाणारा पोरगा पासपोर्ट काढतो, मेडिकल करतो, एजंटाचे पैसे भरतो, वेल्डिंग किंवा ड्रायव्हिंग शिकून घेतो. स्वयंपाक तेवढा शिकत नाही. आणि तिथे पोहोचल्यावर सगळ्यात आधी नडतो तो स्वयंपाकच.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामं निघाली आणि कोकणातल्या कितीतरी मुस्लीम गावांमधून माणसं तिकडे गेली. आता आमच्या खानदेशातूनही पोरं जातात. नरडाण्यात एमआयडीसी आहे, तरी जातात. तिथे एका खोलीत सहा-आठ जण, शेगडी एक. रोज हॉटेलात खाल्लं तर घरी पाठवायला काय उरणार? म्हणून मेस लावतात किंवा आळीपाळीने रांधतात. ज्याला काहीच येत नाही, त्याच्या वाट्याला कायम कांदे चिरणं आणि भांडी घासणं.

माझा एक जुना विद्यार्थी सौदीत ड्रायव्हर आहे. सुरुवातीचे दोन महिने त्याने खुबूस, अंडी आणि दह्यावर काढले. मग अम्मीचे व्हॉइस मेसेज ऐकत शिकला. आधी खिचडी, मग डाळ, मग चिकनचं सालन. घरून नेलेला काळा मसाला कधी घालायचा, तेल सुटेपर्यंत का परतायचं, हे त्याला तिथे कळलं. आज जुम्म्याच्या सुट्टीला तो आठ जणांचं जेवण करतो. भाकरी मात्र अजून जमत नाही म्हणतो.

इथवर कौतुकच आहे. पण हेच पोरगे दोन महिन्यांच्या रजेवर गावी येतात, तेव्हा पाण्याचा ग्लासही जागेवर मागतात. तिकडे आठ जणांना वाढणारा हात इकडे चुलीजवळ जात नाही. म्हणजे शिकला तो मजबुरीने. घराची जबाबदारी म्हणून नाही.

लोक म्हणतात, सर, घरात बाई असताना पुरुषाने का रांधावं? ती मिळवून आणत नाही, घर बघते, कामाची वाटणी आहे. वाटणीला माझी हरकत नाही. पण शेतात मजुरीला जाणारी, शिवणकाम करणारी, शाळेत शिकवणारी बाईही घरी येऊन तवाच ठेवते. तिथे ही वाटणी कुठे जाते? आणि लग्नात देगीवर कोण उभं असतं? बावर्ची बहुतेक पुरुषच. म्हणजे रांधणं बायकी नाही. जिथे मोबदला आणि वाहवा मिळते तिथे ते पुरुषाचं, आणि रोजचं, फुकटचं ते बाईचं.

दीनचं नाव घेऊन तर हे सांगूच नये. पैगंबर (स.) घरात काय करत, असं हजरत आयेशा (र.) यांना विचारलं गेलं. घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असं त्यांनी सांगितलं. ही हदीस सहीह बुखारीत आहे. दाढीची सुन्नत आपल्याला आठवते, ही सुन्नत का आठवत नाही? रमजानमध्ये सहरीला सगळ्यांच्या आधी उठते ती बाई. रोजा तिचाही असतोच.

शाळेतही हे शिकवता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्यातला एक दिवस मुलगे आणि मुली दोघांना मिळून शिक्षकांच्या देखरेखीत खिचडी करायला द्यावी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ, पाणी किती, आच किती, यात मोजमापही आलं आणि विज्ञानही.

आई-बापांना माझं सांगणं एवढंच की दहावीच्या सुट्टीत मुलाला क्लासला घालाच, पण डाळ, भात आणि पोळी या तीन गोष्टीही शिकवा. तो दम्मामला जावो, पुण्याला जावो की नरडाण्यातच राहो. आणि रजेवर आलेल्या पोराला अम्मीने एखाद्या दिवशी खुशाल सांगावं, आजचं सालन तू कर.