पाठीवर मावेल तेवढेच

कसबा बावड्याहून पन्हाळगड सुमारे २० किलोमीटरांवर आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा भेदून छत्रपती शिवाजी महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निघाले. त्या स्मृतीस वंदन करण्यासाठी दर पावसाळ्यात अनेक पदयात्री मसाई पठार, रान आणि ओढे ओलांडून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. व्यापारी घरांतील तरुणांनाही ही वाट खुणावते. वडीलधारी मात्र साशंक होतात. रात्रीभोजनाचा त्याग, कंदमुळांचा नियम, गाळलेले पाणी रानात कसे सांभाळणार?

शंका रास्त आहे आणि तिला उपायही आहे. वर्षाकाळात वाटेवर अगणित सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. म्हणूनच मुनिजन चातुर्मासात विहार थांबवतात. श्रावकाच्या मुलानेही चातुर्मास सरल्यावर निघावे. तेव्हा वाट कोरडी असते, पायाखालचे नीट दिसते. पहाटे चालू लागून सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावे. दशम्या, खाकरे, शेंगदाणे, गूळ आणि पाणी गाळण्यासाठी दुपदरी सुती कापड एवढी शिदोरी पुरते.

दोन दिवसांच्या या वाटेवर प्रत्येक वस्तूचे वजन स्वतःच्याच खांद्यावर येते. दुकानात साठा वाढला की भरभराट वाटते. पठाराच्या चढावर जास्तीचा एक सदराही जड होतो. परिग्रह-परिमाण व्रत प्रवचनात अनेकदा ऐकलेल्या मुलाला त्याचा अर्थ तेथे उमगतो.

अशा मुलास अडवण्याऐवजी वडिलांनी त्याच्याजवळ बसून पिशवी भरावी, आणि काय वगळावे हे त्यालाच ठरवू द्यावे.