छावणी कुठे बांधायची, हा रोजगाराचा प्रश्न आहे

लग्नाच्या बस्त्यासाठी पिंपरीचा कॅम्प आपल्यापैकी अनेकांनी पालथा घातला आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ही बाजारपेठ उभी केली. तिचं कौतुक करताना आपण हमखास म्हणतो, सिंधी माणूस मुळातच कष्टाळू. ते खरंच आहे. पण सगळं श्रेय स्वभावाला दिलं की त्या काळच्या सरकारने काय केलं ते विसरलं जातं, आणि आज दारात आलेल्या निर्वासिताकडूनही आपण नुसत्या जिद्दीची अपेक्षा करू लागतो.

१९४५ साली सैन्यातून परतणाऱ्या जवानांसाठी सेवायोजन कार्यालयं निघाली होती. फाळणी होताच ती निर्वासितांच्याही कामी लावली गेली, जोडीला कारागिरीचं प्रशिक्षण आलं. धंद्याला कर्ज देण्यासाठी १९४८ मध्ये पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापन झालं, तिकडे सुटलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ चा कायदा आला. सगळ्यात मोलाची गोष्ट कागदाची. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने नागरिक मानलं, नंतर आलेल्यांसाठी नोंदणीची वाट ठेवली. छावणीतलं जिणं हलाखीचंच होतं, पण कामाला लागण्यासाठी वर्क परमिटची वाट बघत कुणी बसून राहिलं नाही.

आणि जागा! पिंपरी मुंबई-पुणे लोहमार्गावर, हमरस्त्यालगत. खडकीचा दारूगोळा कारखाना जवळ. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. पगारदार वाढले तसं कॅम्पातल्या दुकानदाराला गिऱ्हाईक मिळत गेलं. पूर्व बंगालच्या निर्वासितांना मात्र आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला शेतजमिनी देऊन वसवलं. तेही कष्टाळूच. भाताची शेती त्यांनी उभी केली, पण मुलाला नोकरी देणारा कारखाना आसपास नव्हता. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या वसाहतीतले तिबेटी आजही थंडी पडली की स्वेटर विकायला दूरच्या शहरांत जातात. एकाच राज्यात आलेल्या या तिघांचं नशीब बऱ्याच अंशी नकाशावर बोट कुठे ठेवलं गेलं त्यावर ठरलं.

हे सगळं जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहितो आहे, कारण इथेही तेच बोट फिरतं आहे. २०१५ मध्ये सुमारे नऊ लाख माणसं आश्रय मागत इथे आली. सरकारने ६०० तासांचे भाषावर्ग चालवले, अनेक तरुण कारखान्यांच्या दुहेरी प्रशिक्षणात शिरले, हे मोठं काम झालं. पण कोणत्या राज्यात किती माणसं पाठवायची ते करउत्पन्न आणि लोकसंख्या यांच्या सूत्राने ठरतं. रिकाम्या नोकऱ्यांना त्यात स्थान नाही. सुरुवातीचे काही महिने काम करायला बंदी. आश्रय मंजूर झाल्यावरही साधारण तीन वर्षं त्याच राज्यात राहण्याची अट, नोकरी सापडली तर सूट. म्हणजे काम नसलेल्या जागी माणूस नेऊन ठेवायचा आणि काम शोध म्हणायचं.

स्थानिकांच्या नोकऱ्या जातील, ही भीती पिंपरी-चिंचवडलाही ओळखीची आहे. ८० टक्के स्थानिकांचा आग्रह तिथे जुना आहे. कारखान्यांत जमिनी गेलेल्या गावकऱ्यांची तक्रारही मी खोटी म्हणणार नाही. पण ती भूसंपादनाची तक्रार आहे, तिचं उत्तर सरकार आणि कंपनीकडे मागायला हवं. कॅम्पातल्या दुकानदाराने कुणाच्या हातचं काम हिरावलं नाही. उलट हमाल, टेम्पोवाले, शिंपी यांना त्याच्यामुळे काम मिळालं.

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा आजही नाही. २०१६ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या अल्पसंख्याकांना बँक खातं, पॅन, वाहन परवाना आणि स्वयंरोजगाराची मुभा मिळाली. त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार पुण्यासह १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले. पाऊल योग्य होतं, पण ते काही धर्मांच्या आणि काही देशांच्या माणसांपुरतंच राहिलं. म्यानमार किंवा अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेल्या मुसलमानालाही पोट आहेच.

आपल्या मंडळातले कितीतरी जण चाकणच्या जर्मन कंपन्यांतून इकडे आले, हातात करारपत्र घेऊन. आज त्यातले काही प्रशिक्षणार्थी निवडणाऱ्या विभागांत बसतात. त्यांनी वरिष्ठांकडे आश्रितांसाठी जागा मागाव्यात. ज्यांना इथे मतदानाचा हक्क आहे त्यांनी आपल्या प्रतिनिधीला लिहावं की कामबंदी पहिल्या दिवसापासून उठवा आणि वाटपाच्या सूत्रात जिल्ह्यातल्या रिकाम्या नोकऱ्या धरा. मसुदा मी तयार करून देतो, सह्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत गोळा करू.