धुराची तपासणी होते, ब्रेकची कधी?

वडिलांची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मोटारसायकल मुलाच्या हाती आली की पहिला खर्च होतो तो रंगावर, सीटवर किंवा सायलेन्सरवर. त्यातला एखादा विचारी मुलगा पुढचा ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायचे ठरवतो. हेतू चांगला आहे. पण सुरुवात तिथून करू नये, असे माझे मत आहे.

गाडी थांबवणे म्हणजे तिच्या गतीतली ऊर्जा उष्णतेत बदलणे. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने गेलात तर वेग दीडपट होतो, ब्रेकवरचे काम मात्र सव्वादोनपट. ड्रम बंदिस्त असल्याने उष्णता आत साठते, म्हणून लांब घाट उतरताना ब्रेक धरेनासा होतो. डिस्क उघड्यावर असते, लवकर निवते आणि पावसाचे पाणीही चटकन झटकते. म्हणजे डिस्क सरस आहे, यात वाद नाही.

पण गाडीला शेवटी थांबवतो तो टायर. तो झिजलेला किंवा जुना होऊन कडक झालेला असेल, तर डिस्क बसवूनही चाक फक्त लवकर घसरेल. म्हणून आधी टायर पाहा. मग ड्रम उघडून नवे लायनर, नवी केबल, आतील कॅमला ग्रीस. एवढ्या किरकोळ खर्चात बहुतेक जुन्या गाड्यांचे ब्रेक पुन्हा पहिल्यासारखे लागतात. ड्रममधली धूळ मात्र हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. ओल्या फडक्याने पुसणे गॅरेजमधल्या मुलाच्याही हिताचे.

दुसरी दुरुस्ती सवयीची. ‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते’ हे आपल्याकडे गाडी शिकवतानाच मनात भरवले जाते. प्रत्यक्षात ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे हलके होते. त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढच्या ब्रेकचेच. धोका तो वळणावर, वाळूवर किंवा झटक्यात दाबण्यात आहे. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा दाब क्रमाने वाढवत लावावा. ताशी ६० च्या वेगात केवळ मागच्या ब्रेकने थांबायला ४५ मीटर लागत असतील, तर दोन्हींनी ते अंतर जवळपास निम्म्यावर येऊ शकते. रस्त्यात अचानक आलेल्या मुलासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे.

एवढे करूनही डिस्क हवीच असेल, तर त्याच मॉडेलच्या डिस्क आवृत्तीचा पूर्ण संच घ्यावा: फोर्क, हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर. ड्रमच्या फोर्कला वेल्डिंग करून कॅलिपर लटकवणे हा जिवाशी खेळ आहे. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर एकमेकांना जुळणारे नसतील तर लिव्हर दगडासारखा तरी होतो किंवा स्पंजासारखा तरी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. आणि असा कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनीला विचारावे.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांचे काय? त्यांचा धूर दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासला जातो. खासगी दुचाकीची अधिकृत तपासणी मात्र थेट १५ वर्षांनी, नोंदणीचे नूतनीकरण करताना. पीयूसी केंद्रावरच पाच मिनिटांत लायनरची खूण, केबल आणि टायर पाहण्याची सोय सरकारने करावी. तोवर हे काम आपलेच. या रविवारी गाडी धुताना मागच्या ड्रमवरची झीज दाखवणारी खूण पाहा. बाण तिथवर पोहोचला असेल तर सोमवारी आधी गॅरेज, मग ऑफिस.