बुलडोझरच्या आधी यादी येते

एखादी जुनी मशीद किंवा मुसाफिरखाना पाडला गेला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस मातम चालतो. फोटो फिरतात, शेर फिरतात, कटकारस्थानाच्या गोष्टी निघतात. तिसऱ्या दिवशी सगळं थंड. ती वास्तू शहराच्या वारसा यादीत होती का, हे मात्र कुणी विचारत नाही. आपण बुलडोझरसमोर उभे राहतो तेव्हा लढाई बहुतेक हरलेलीच असते. ती त्याच्या खूप आधी, यादीपाशी लढायची असते.

मुंबईचंच घ्या. १९९५ साली इथे वारसा नियमावली लागू झाली आणि मुंबई वारसा संवर्धन समितीला कायदेशीर स्थान मिळालं. समितीत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनियर, शहराचा इतिहास जाणणारे असे लोक असतात. यादीतल्या वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीला जवळपास हात लावता येत नाही. दुसरीत आतून मर्यादित बदल चालतात. तिसरीत मोकळीक बरीच जास्त. पण एकदा यादीत नाव आलं की पाडकाम सोडाच, दुरुस्ती आणि रंगकामालाही आयुक्तांची परवानगी लागते, आणि आयुक्त समितीचा सल्ला घेतात.

"सल्लाच ना? मग काय उपयोग?" असं विचारणारे भेटतात. उपयोग असा की समितीचं म्हणणं डावलायचं तर आयुक्तांना लेखी कारण द्यावं लागतं. लेखी कारण म्हणजे कागद, आणि कागद घेऊन कोर्टात जाता येतं. यादीबाहेरच्या वास्तूसाठी आपल्या हातात काय उरतं? फक्त घोषणा.

दुसरा गैरसमज वक्फचा. "वक्फमध्ये नोंद आहे, आता कोण हात लावणार?" वक्फची नोंद मालकी आणि वापर सांगते. सागवानी खांब, कमान, फारसी शिलालेख आणि जुना हौद टिकलाच पाहिजे, असं ती नोंद सांगत नाही. म्हणून तर कित्येक ठिकाणी आपलेच ट्रस्टी चंदा गोळा करून जुनं लाकूडकाम उतरवतात आणि चकचकीत टाइल्स बसवतात. तिथे बुलडोझर लागत नाही, एक ठेकेदार पुरतो. आणि त्यावर आपण मातम करत नाही, मुबारकबाद देतो.

ट्रस्टींची भीती अशी की यादीत गेलो तर नमाजींसाठी पत्र्याची शेडसुद्धा टाकता येणार नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधी वाचा. धर्माचरणासाठी आवश्यक असलेले बदल त्यात मान्य आहेत, अट एवढीच की ते मूळ बांधणीशी सुसंगत असावेत. ही अट जाचक वाटते का? ती तर आपणच स्वतःला घालायला हवी होती.

भाडेकरूंची भीती वेगळी आणि खरी आहे. भेंडी बाजार, नागपाड्याच्या गळक्या इमारतीत राहणाऱ्याला वारशाचं कौतुक ऐकवणं सोपं असतं. पण वारसा म्हणजे गळकं छप्पर जपणं नव्हे. मालकाचं बांधकामाचं नुकसान होत असेल तर त्याबदल्यात विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे टीडीआरची तरतूद नियमांतच आहे. प्रत्येक इमारत वाचवा असं कुणी म्हणत नाही. कुठली वाचवायची हे ठरताना आपण खोलीत असावं, एवढंच मागणं आहे.

२०१२ साली मुंबईची यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्कचे रहिवासी त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचा विरोध पटो न पटो, त्यांनी यादी वाचली, सभा घेतल्या, हरकती नोंदवल्या. आपल्या मोहल्ल्यात अशी यादी कधी मोठ्याने वाचली गेली आहे का?

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. सिस्टीमला भावना कळत नाहीत, नोंद कळते. पालिकाही तशीच चालते. तेव्हा आपल्या शहरात वारसा समिती आहे का, यादी आहे का, आधी शोधा. नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. मग एक वास्तू निवडा. फोटो काढा, शिलालेख वाचून घ्या, सिटी सर्व्हेचा उतारा मिळवा, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांच्या आठवणी तारखेसह लिहून घ्या, आणि अर्ज करून पोच घ्या.

संविधानाच्या कलम ५१-अ मध्ये या देशाच्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. त्या संमिश्र संस्कृतीतला आपला हिस्सा दुसरं कुणी येऊन यादीत लिहिणार नाही. तो अर्ज आपल्यालाच भरायचा आहे.