आधी होडी मोजा

पातूरजवळ मोर्णा धरणाच्या काठावर हिवाळ्यातल्या सकाळी उभं राहिलं, की पाण्यावर सगळ्यात आधी नजरेत भरतो तो थर्माकोलचा तराफा. दोरीनं आवळलेले जाड तक्ते, वर पाय दुमडून बसलेला मासेमार, हातात फळीचं वल्हं आणि मागे सुटत जाणारं जाळं. हे पाणी त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. वारा कुठल्या बाजूनं उठतो, बुडालेली बाभूळ कुठे उभी आहे, पाणी उतरलं की गाळ कुठे उघडा पडतो, हे त्याला नकाशात पाहावं लागत नाही. उद्या याच पाण्यावर लांब पल्ल्याची कयाक-कनो शर्यत लावली, तर हा माणूस कुठल्या गटात उतरेल?

वऱ्हाडात अशी शर्यत व्हावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण शर्यतीचं नाव काढलं की बोलणं बक्षिसांवर, मंडपावर आणि पाहुण्यांवर जातं. नियमावली शेवटी उरते. ती कुणीतरी दुसऱ्या स्पर्धेची उतरवून काढतं आणि तिच्यात गट असतात ते फक्त माणसांचे: पुरुष, महिला, अठरा वर्षांखालचे, चाळिशीपुढचे. होडीबद्दल अवाक्षर नसतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत हे चालत नाही. तिथे आधी होडीचे गट पाडावे लागतात आणि माणसांचे गट त्यांच्या पोटात येतात.

हे वऱ्हाडी माणसाला समजावून सांगायला नको. शंकरपटाच्या मैदानावर कोणी धुरकऱ्याचं वय विचारत नाही, बैलजोडी पाहतात. राज्यातल्या कितीतरी मैदानांवर बैलाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पडतात; आपल्याकडे गावगट, तालुका गट असेही असतात. आदत गोऱ्हा जुळलेल्या बैलासोबत पळवणं कोणालाच पटत नाही. पटापासून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, २०१७ साली राज्यानं कायदा केला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो वैध ठरवला. इतकी जुनी परंपरा असूनही पट परत आला तो कायद्याच्या आणि लेखी नियमांच्या आधारावर. नव्या खेळानं तर लेखी नियमांनीच सुरुवात करावी.

होडीला दात नसतात, लांबी असते. पाण्यावरून जाणारी होडी स्वतःच्याच लाटेत अडकते आणि ही लाट कुठल्या वेगाला आडवी येणार हे होडीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतं. ढोबळ हिशेब असा: मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढा आणि त्याला साडेचारनं गुणा, म्हणजे ताशी किलोमीटरमधला वेग येतो. तीन मीटरच्या होडीला ही भिंत ताशी ७.८ किलोमीटरला लागते, ५.२ मीटरच्या होडीला १०.३ ला आणि साडेसहा मीटरच्या दोघांच्या होडीला साधारण साडेअकराला. सडपातळ शर्यती होड्या ही भिंत काही प्रमाणात ओलांडतात, म्हणजे तफावत आणखीच वाढते. चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत आखूड होडीवाल्यानं छाती फुटेस्तोवर वल्हवलं, तरी तो लांब होडीच्या तासभर मागे राहील. त्याचं वय कितीही असो आणि सराव कितीही असो. दोनशे मीटरच्या शर्यतीत असा फरक ताकदीखाली थोडाफार झाकला जातो, चार तासांच्या शर्यतीत तो झाकायला जागाच नसते.

म्हणूनच कयाक-कनोच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मॅरेथॉन नियमांत पहिले आकडे होडीचे आहेत. एकट्याच्या कयाकची लांबी जास्तीत जास्त ५२० सेंटिमीटर आणि वजन कमीत कमी ८ किलो. दोघांच्या कयाकला ६५० सेंटिमीटर आणि १२ किलो. कनोला लांबीची मर्यादा तीच, वजन एकट्यासाठी १० आणि दोघांसाठी १४ किलो. स्प्रिंटमध्ये एकट्याची कयाक १२ किलोची लागते. मॅरेथॉनमध्ये ती हलकी चालते, याचं कारण पोर्टेज. ठरलेल्या जागी होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावर घ्यायची, काठानं धावायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. अकोल्याच्या कावडयात्रेत गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराच्या मंदिरापर्यंत खांद्यावर आणणाऱ्या पोरांना पोर्टेज म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

पण हे आकडे आपल्या शर्यतीचे सरसकट नियम करू नयेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं. आठ किलोची कयाक कार्बनची असते आणि ती चांगल्या मोटारसायकलपेक्षा महाग पडते. फक्त तिचाच गट ठेवला तर पातूर, बाळापूर, बार्शीटाकळीतलं एकही पोर आरंभरेषेवर दिसणार नाही. आणि सगळ्यांना एकाच गटात घातलं तर ती पोरं एकदा येतील, पुन्हा कधीच येणार नाहीत.

जगातल्या जुन्या शर्यतींनी हा पेच आधीच सोडवला आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा दहा हजार मीटरवर घडीच्या कयाकचा गट निराळा होता. लाकडी सांगाडा, वरून कापड, गुंडाळून आगगाडीतून नेता येणारी होडी; त्या काळी युरोपातल्या सामान्य हौशी माणसाकडे तीच असे. टेक्सासमध्ये सॅन मार्कोसपासून समुद्रकाठच्या सीड्रिफ्टपर्यंत २६० मैलांची, शंभर तासांत संपवायची शर्यत १९६३ पासून चालते. तिथे सहा-सहा जणांच्या अवाढव्य होड्यांना मोकळा गट आहे, आणि शेजारी ॲल्युमिनियमच्या साध्या कनोंचा स्वतंत्र गट आहे. अंगणात पडलेली जुनी ॲल्युमिनियमची होडी घेऊन येणाऱ्या माणसाला या गटामुळे आपल्यासारख्यांशीच झुंजता येतं. शेवटपर्यंत पोहोचणाऱ्याला तिथे कापडी बिल्ला मिळतो आणि माणसं तो वर्षानुवर्षं जपतात.

इंग्लंडमधल्या डेव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर या १२५ मैलांच्या शर्यतीत वेगळीच गोष्ट दिसते. १९४८ पासून चालत आलेल्या या शर्यतीत सलग, रात्रभर वल्हवायचं ते परंपरेनं दोघांच्या होड्यांनी. एकट्यांसाठी चार दिवसांचे टप्पे. अंधारात उलटलेल्या एकट्या माणसाचा आवाज कोणाला ऐकू जाणार, ही काळजी अशा गटातून मिटते. गट म्हणजे बक्षिसं वाटण्याची सोय, असं समजणाऱ्या आयोजकांनी हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

आमचा प्रस्ताव असा. मोकळा शर्यती गट ठेवा, त्याला महासंघाचे आकडे लावा. भोपाळहून किंवा पुण्याहून येणारे तयारीचे खेळाडू तिथे उतरतील. दुसरा गट सहलीच्या होड्यांचा: साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या, साडेचार मीटरच्या आतल्या आणि ६० सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद नसलेल्या. धरणांवरच्या पर्यटन केंद्रांत आज ज्या होड्या पडून आहेत, त्यांतल्या बहुतेक या मापात बसाव्यात. तिसरा गट गावठी बांधणीचा. भोई समाजाचे डोंगे, गावच्या सुतारानं किंवा फायबरवाल्यानं केलेल्या होड्या, काय असेल ते. अट एकच, पाण्यानं पूर्ण भरली तरी तरंगली पाहिजे आणि ते तपासणीत करून दाखवलं पाहिजे.

थर्माकोलच्या तराफ्याला मात्र आम्ही परवानगी देणार नाही. लाटेत त्याची दोरी सुटते, तक्ता तुटतो, आणि तुटलेले कण पाण्यात कायमचे राहतात. पण तराफ्याला नाही म्हणताना माणसाला नाही म्हणायचं नसेल तर चौथा गट लागतोच: आयोजकांच्या एकाच साच्याच्या होड्यांचा. कोणाला कुठली होडी, ते चिठ्ठ्या टाकून सकाळी ठरवायचं. या गटात पैशाला काही करता येत नाही, आणि खरी चुरस इथेच होईल. पहिल्या वर्षी दहा होड्या मिळाल्या तरी पुरे. गरज पडली तर मोकळ्या गटाच्या बक्षिसातून पैसे काढा, पण हा गट रद्द करू नका.

कनो आणि कयाक एकत्र धावू द्यायच्या नाहीत. कनोचं एका पात्याचं वल्हं आणि कयाकचं दोन पात्यांचं वल्हं यांत चार तासांनी पडणारं अंतर सरावानं भरून निघत नाही. त्यात शर्यती कनोला सुकाणू नसतं, कयाकला चालतं. महिलांचा गट प्रत्येक होडी-गटात पहिल्या वर्षापासून हवा. महिलांच्या कनोला ऑलिंपिकमध्ये टोकियोपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत थांबावं लागलं. आपण कोणाला थांबवायचं कारण नाही. गटात तीनपेक्षा कमी होड्या आल्या तर तो कुठल्या गटात मिळवायचा, हे अर्जावरच छापलेलं असावं. माझ्या पाहण्यातल्या एका स्पर्धेत हा निर्णय बक्षीस समारंभाच्या वेळी व्यासपीठावर झाला. दुसरी आलेली मुलगी चौथी ठरली आणि त्यानंतर मला ती पाण्यावर कधी दिसली नाही.

होडी मोजणीलाही शिस्त हवी. लांबी आदल्या दिवशी फीतपट्टीनं, वजन होडी पुसून कोरडी केल्यावर, आणि विजेत्यांच्या होड्यांचं वजन शर्यतीनंतर पुन्हा. वजन कमी भरलं तर भर घालता येते. ती होडीला पक्की बसवलेली असावी, वाटेत काढून फेकता येईल अशी नव्हे. बाजार समितीत तोलाई करणाऱ्या माणसांकडून वजनकाटा आणि तो वाचणारा माणूस, दोन्ही मिळतील.

आता माणसाच्या प्रवेशाबद्दल. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले. तो दिवस अमरावती-अकोल्यातला कोणीही विसरलेला नाही. आपण पाण्यावर कुठलाही कार्यक्रम घेतो तेव्हा तो दिवस लक्षात ठेवूनच कागदावर पेन टेकवायला हवं. प्रवेशासाठी पोहण्याचा दाखला मागण्याची पद्धत आहे. दाखल्याचा उपयोग फाइलला होतो. त्याऐवजी प्रत्येकाकडून आदल्या दिवशी, सगळ्यांच्या समोर, खोल पाण्यात होडी उलटवून घ्या. लाइफ जॅकेट घालून बाहेर पडायचं, वल्हं सोडायचं नाही, आणि होडीत परत चढायचं किंवा ती ओढत काठापर्यंत आणायची. ज्याला हे जमत नाही त्याची फी परत करा, त्याला चहा द्या आणि पुढच्या वर्षी बोलवा. राष्ट्रीय पदकविजेता असला तरी सूट नको. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीला बांधलेलं नको. पाण्यात पाय ठेवल्यापासून बाहेर येईपर्यंत. यावर चर्चा नाही.

शर्यत फेऱ्यांची असावी. मोर्णा असो की निर्गुणा, पातूर तालुक्यातल्या या धरणांच्या पाण्यावर चाळीस किलोमीटर सरळ जाता येणार नाही, आणि ते बरंच आहे. फेरी लहान असली की बचाव नाव कायम नजरेच्या टप्प्यात राहते, वेळेच्या मर्यादेत न बसणाऱ्याला फेरी संपताच सन्मानानं थांबवता येतं, आणि काठावर बसलेल्या आईला आपलं पोर दर तासाला दिसतं. महानचं काटेपूर्णा धरण पाण्यानं मोठं आहे, पण ते अभयारण्यात येतं, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात आणि अकोला शहर तेच पाणी पितं. तिथे शर्यत मागू नये. मोर्णेवरही जलसंपदा विभागाच्या परवानगीआधी मच्छीमार सहकारी संस्थेकडे जावं. जाळी त्यांची, पाण्यावरची रोजी त्यांची. त्या दिवशीच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई खर्चाच्या पहिल्या ओळीत धरावी आणि बचाव नावांवर त्यांचीच माणसं घ्यावीत.

कोरडवाहू मुलखात वल्ह्यांचा खेळ कसला, असं विचारणाऱ्यांसाठी एक नाव पुरेसं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातून, विहिरी खणण्याच्या कामावरून दत्तू भोकनळ सैन्यात गेला, पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यानं सुवर्णपदक मिळवलं. रोइंग वेगळं आणि कयाकिंग वेगळं, हे आमच्या वाचकांना माहीत आहे. पण त्याच्या हाती योग्य वेळी होडी आली, हे दोन्हींना सारखंच लागू आहे.

गटांची मापं कागदावर आखण्याआधी विदर्भात आज खरोखर कुठल्या होड्या आहेत हे कळायला हवं. प्रशिक्षकांनी, क्लबांनी, धरणावरच्या संस्थांनी आणि होडी बांधणाऱ्या कारागिरांनी आपापल्या प्रत्येक होडीचे तीन आकडे आम्हाला दिवाळीपूर्वी कळवावेत: टोकापासून टोकापर्यंतची लांबी, सर्वांत रुंद जागेची रुंदी आणि कोरड्या होडीचं वजन. डोंग्यांचे आकडेही पाठवा. आलेली सगळी मापं डिसेंबरच्या अंकात जशीच्या तशी छापू आणि त्यावरूनच गटांच्या सीमा ठरवू.