‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांनो

आमची गाडी जुनी आहे आणि ती आम्ही विकणार नाही. २०११ च्या नोंदणीची, हजार सीसीची, सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक. सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं, पावसात मुलांना क्लासला सोडायचं, सणाला सिन्नरच्या घरी सामान पोचवायचं, ही तिची कामं. ती अधूनमधून बिघडते. पण आमचा खिसा कापायला तिच्याहून जास्त टपलेली एक जमात आहे, सल्लागारांची. आज मला तिच्याशी बोलायचं आहे.

‘अजून तीच गाडी?’ लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आत हा प्रश्न येतो. विचारणारे बहुधा एखादे चुलत सासरे. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा नंबर लावून ताटकळत बसलेल्या पिढीतले. गाडी हाती आल्यावर यांनी ती वीस वर्षं वापरली. दर रविवारी बोनेट उघडून प्लग पुसले, बॅटरीत पाणी घातलं, सीटकव्हरवर आणखी एक कव्हर चढवलं. याला तेव्हा ‘वस्तू जपणं’ म्हणत आणि पाहुण्यांसमोर त्याचं कौतुक होई. तेच आज मी केलं की ती ‘ओढाताण’! का हो? तुम्ही जपलंत तो संस्कार आणि आम्ही जपलं की दारिद्र्य? गाडीचं वय मोजता, मग स्वतःच्या वाक्यांचं वय कधी मोजणार?

यांचं सगळं अर्थशास्त्र एका वाक्यात संपतं. ‘दुरुस्तीवर घालवता, त्यात हप्ता निघेल.’ निघत नाही. कागद-पेन्सिल घ्या. पाच लाखांचं कर्ज, दर साडेनऊ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता येतो सुमारे ८,१७० रुपये. वर्षाचे ९८ हजार. सात वर्षांत बँकेच्या घशात ६ लाख ८६ हजार. आमच्या गाडीने सगळ्यात वाईट वर्षी, म्हणजे क्लच प्लेट, दोन टायर आणि बॅटरी एकदम गेली त्या वर्षी, २७ हजार खाल्ले. क्लच प्लेट दर महिन्याच्या पाच तारखेला जात नाही. हप्ता जातो. एसी बंद पडला तर काचा खाली करून दिवाळीपर्यंत थांबता येतं. हप्ता थांबवला तर वसुलीवाला कामाच्या ठिकाणी फोन करतो. आणि त्या ९८ हजारांत पेट्रोल नाही, सर्व्हिसिंग नाही, नव्या गाडीचा जाडजूड विमा तर नाहीच. वाणिज्य शाखेची पदवी भिंतीवर टांगलेली माणसं हे गणित चुकतात, कारण त्यांना गणित करायचंच नसतं. त्यांना पार्किंगमध्ये चकचकीत काहीतरी बघायचं असतं, आमच्या खर्चाने.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि गावभर फलक लागले. बचत! उत्सव! पाच लाख कर्ज काढायचं आणि त्याला बचत म्हणायचं, हा कुठला शब्दकोश? त्याच निर्णयात गाड्यांच्या सुट्या भागांवरचा करसुद्धा २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. आमच्यासारख्यांच्या उपयोगाची बातमी ही होती. ब्रेक पॅड स्वस्त झाले म्हणून फलक लावलेला मला अख्ख्या नाशकात दिसला नाही.

आता सर्व्हिस सेंटर. गेल्या उन्हाळ्यात द्वारका चौकाच्या गर्दीत टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. मागच्या सीटवर सासूबाई. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, थंड होऊ दिलं आणि जवळ पडलं म्हणून एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे इस्त्रीच्या शर्टातला एक अॅडव्हायझर टॅब घेऊन आला. बोनेट त्याने उघडलं, पण आत वाकून बघितलं नाही. एस्टिमेट मात्र दहा मिनिटांत तयार. रेडिएटर असेंब्ली, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होसपाइपांचा सेट, कूलंट, इंजिन फ्लशिंग आणि एसी डिसइन्फेक्शन. एकूण ३४ हजार ६००. इंजिन गरम होणं आणि एसीचं निर्जंतुकीकरण यांचा कार्यकारणभाव अख्ख्या न्यायदर्शनाला लावता येणार नाही. मी विचारलं, ‘नेमकं काय बिघडलंय?’ तर म्हणाला, ‘मॅडम, जुन्या गाडीत असं सांगता येत नाही, सगळंच बदललेलं बरं. नाहीतर एक्स्चेंजमध्ये द्या ना, आत्ता व्हॅल्युएशन करून देतो.’

नीट ऐकलंत ना? दुरुस्त करायची तर ही गाडी कामातून गेलेली. त्यांना द्यायची तर लगेच, आत्ता, उभ्या उभ्या हवी. कामातून गेलेल्या गाडीसाठी एवढी घाई कशाला? कारण ती कामातून गेलेली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

गाडी तशीच थांबत थांबत आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. पत्र्याची शेड, ऑइलने काळी झालेली जमीन, भिंतीवर रांगेत टांगलेले पाने. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि रेडिएटरसमोर हात धरून उभा राहिला. काटा वर गेला तरी पंखा सुरू झाला नाही. मग फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, एक रिले उपटला आणि वायरचा तुकडा वाकवून त्या जागेच्या दोन खाचांत खुपसला. पंखा भर्रकन फिरला. ‘ताई, पंखा ठणठणीत आहे. रिले गेलाय.’ त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी, तिचा एक पाय जळून निळसर पडलेला, बाजूचं प्लास्टिक फुगलेलं. नवा रिले, वरून लागलं तेवढं कूलंट, मजुरी, सगळे मिळून ६५० रुपये.

एका बाजूला ३४ हजार ६००, दुसऱ्या बाजूला ६५०. हा फरक ज्ञानाचा नाही. रिले तपासायला त्या अॅडव्हायझरलाही दोन मिनिटं लागली असती. त्याने तपासलं नाही, कारण बिघाड शोधण्यात त्याचा फायदा नव्हता, बिल फुगवण्यात होता. आणि ज्याला हे लोक ‘रोडसाइडवाला’ म्हणून नाक मुरडतात, त्याने आधी निदान केलं आणि मग पैसे सांगितले. तंत्रज्ञ कोण आणि विक्रेता कोण, तुम्हीच ठरवा.

ही माझ्या एकटीची तक्रार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय? अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड शोधायची साधनं खुल्या बाजारातल्या गॅरेजांपर्यंत पोचू न देणं. म्हणजे आधी मिस्त्रीच्या हातातून अवजार काढून घ्यायचं आणि मग ‘तो अडाणी आहे’ अशी हाकाटी पिटायची! दंडावर अपिलं झाली, कज्जे लांबले. पुढे २०२२ साली केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही काढलं. आमचा मिस्त्री आजही नव्या गाड्यांच्या स्कॅनरसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

सरकारचं वागणं आणखी विचित्र. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी नव्याने करायची. करा की! ब्रेक बघा, दिवे बघा, धूर तपासा, नापास झाली तर रस्त्यावरून उतरवा, मी टाळ्या वाजवीन. पण १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५,००० झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये १० हजार. गाडी धोकादायक असेल तर दहा हजार घेऊन ती सुरक्षित होते का? आणि तपासणीत ती धडधाकट ठरली असेल तर दंड कशाचा? पर्यावरण कर आणखी वेगळा. श्रीमंताच्या दारातल्या अजस्र एसयूव्हीने पहिल्या वर्षात जाळलेल्या पेट्रोलचा हिशेब कुणी मागत नाही. आमची वयाने मोठी म्हणून ती अपराधी.

आणि पेट्रोल! पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० आलं, आमच्या गाडीसाठी दुसरा पर्याय उरला नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. त्याच अहवालात असंही आहे की उष्मांक कमी म्हणून असं इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं. मायलेज घटलं, भाव तिथेच. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, पण खर्च किरकोळ आहे. किरकोळ कुणाला? महिन्याला चार हजारांचं पेट्रोल भरणाऱ्या घरात सहा टक्के म्हणजे २४० रुपये. वर्षाचे जवळजवळ २,९००. आमच्याकडे त्यात दोघा मुलांचे शाळेचे बूट आणि दप्तरं येतात. किरकोळ हा शब्द वापरायचा अधिकार, पैसे ज्याच्या खिशातून जातात त्याचा.

सल्लागारांचा एकच मुद्दा मला मान्य आहे. एअरबॅग. चालकासमोरची एअरबॅग २०१९ साली सक्तीची झाली, आमच्या गाडीत ती नाही. हे मला टोचतं, आणि महामार्गावर मी वेग आवरते ते त्यामुळेच. पण टायर, ब्रेक आणि सीटबेल्ट यांत आम्ही कधी एक रुपया वाचवलेला नाही. मागच्या जूनमध्ये टायर आणि मुलीच्या क्लासची फी एकाच आठवड्यात आली तेव्हा आधी टायर घेतले आणि क्लासवाल्या बाईंकडून पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्यांनी हसून दिली. मुलांच्या सुरक्षिततेवर मला व्याख्यान देणारी माणसं स्वतःच्या नातवंडांना दहा-दहा पोरं कोंबलेल्या रिक्षातून शाळेत पाठवतात. आधी त्या रिक्षात डोकावा, मग माझ्या गाडीत.

गाडीला यंदा पंधरा वर्षं पूर्ण होतायत. ५,००० रुपये बाजूला काढायला सुरुवात केली आहे, दिवाळीच्या कपड्यांतून थोडे, फराळाच्या सामानातून थोडे. मिस्त्रीने आरटीओच्या तपासणीआधी हँडब्रेक आवळून द्यायचं आणि डाव्या हेडलाइटचा झोत सरळ करून द्यायचं कबूल केलंय. आणि यापुढे ज्यांना ‘काढून टाक’ म्हणावंसं वाटेल, त्यांनी त्या ५,००० मधला आपला वाटा आधी आणून द्यावा. रोख.