ग्लोव्ह्ज काढल्यानंतर

गल्लीत फुटबॉल सुरू झाला की पहिला वाद ठरलेला. गोली कोण होणार? ज्याला पळायचा कंटाळा किंवा जो सगळ्यात धाकटा, त्याला दोन चपलांच्या मध्ये उभं केलं जातं. आणि गोल झाला रे झाला की बाकीचे सगळे त्याच्याकडे असे बघतात, जणू बॉल त्यानंच उचलून आत नेऊन ठेवला!

आता विचार करा, आयुष्यभर हीच नोकरी केलेल्या माणसानं रिटायर झाल्यावर काय करावं? तर कोच व्हावं! म्हणजे शिव्या त्याच, फक्त आता हातात ग्लोव्ह्जसुद्धा नाहीत. बॉल अडवायचा तर दुसऱ्याच्या हातांनी. इटलीच्या डिनो झॉफनं नेमकं हेच केलं.

झॉफची सुरुवातच रिजेक्शननं झाली. चौदाव्या वर्षी इंटर मिलान आणि युवेंटस या दोन्ही क्लबनी त्याला परत पाठवलं. कारण काय, तर उंची कमी! मग आजीनं फर्मान काढलं, रोज आठ अंडी खायची. अंड्यांमुळे म्हणा किंवा वयामुळे म्हणा, पुढच्या पाच वर्षांत पठ्ठ्या ३३ सेंटिमीटर वाढला. १९६१ मध्ये उदिनेसेकडून सेरी आ मध्ये एन्ट्री घेतली आणि पहिल्याच मॅचला पाच गोल खाल्ले. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन दुकान टाकलं असतं. झॉफ टिकला. १९६८ मध्ये युरोपियन चॅम्पियन झाला. १९७२ मध्ये ज्या युवेंटसनं नाकारलं होतं, त्याच क्लबमध्ये गेला आणि सहा लीग टायटल्स जिंकली. १९७२ ते १९७४ या काळात इटलीकडून खेळताना त्यानं तब्बल ११४२ मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. शेवटी तो गोल केला कुणी? हैतीच्या सॅनॉननं!

१९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये हॉलंडनं आणि ब्राझीलनं त्याला लांबून मारलेल्या शॉट्सवर गाठलं. झॉफ ३६ वर्षांचा होता. झालं, टीकाकार सुटले. वय झालं, संपला, घरी बसवा. झॉफ काहीच बोलला नाही. चार वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, तो कॅप्टन म्हणून स्पेनच्या वर्ल्ड कपला गेला. ब्राझीलला सेमीफायनलसाठी फक्त ड्रॉ पुरणार होता. इटली ३-२ नं पुढे, मॅच संपत आलेली, ऑस्करचा हेडर आला आणि झॉफनं तो थेट गोललाइनवर दाबून धरला. पुढे फायनलही जिंकली. उत्तर दिलं ते असं.

पुढच्याच वर्षी त्यानं ग्लोव्ह्ज काढले. १९८८ मध्ये युवेंटसचा कोच झाला तेव्हा असिस्टंट होता जुना साथीदार गाएतानो शिरेआ. सप्टेंबर १९८९ मध्ये यूएफा कपमधल्या प्रतिस्पर्धी टीमची मॅच बघायला शिरेआ पोलंडला गेला आणि तिथंच कार अपघातात गेला. एवढं दुःख पोटात घालून झॉफनं त्याच सीझनमध्ये यूएफा कप आणि इटालियन कप, दोन्ही जिंकून दिले. बक्षीस काय मिळालं? क्लबला नव्या स्टाइलचा कोच हवा होता, झॉफला नारळ! तेव्हाही त्यानं तमाशा केला नाही. लॅझिओला गेला, आधी कोच, मग चक्क क्लबचा प्रेसिडेंट झाला. इकडे नव्या स्टाइलचं युवेंटस पुढच्याच सीझनला सातव्या नंबरवर गेलं.

आता खरी गोष्ट. युरो २०००, झॉफ इटलीचा कोच. स्पर्धेच्या तोंडावर एक नंबरचा गोलकीपर बफॉनचा हात मोडला. झॉफनं टोल्डोला उभं केलं. सेमीफायनलला समोर यजमान हॉलंड, इटलीचा एक खेळाडू पहिल्याच हाफमध्ये रेड कार्ड घेऊन बाहेर, आणि टोल्डोनं मॅचमध्ये एक आणि शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या. फायनलला फ्रान्सविरुद्ध इटली अगदी इंज्युरी टाइमपर्यंत १-० नं पुढे होती. कप हातात आलेला! तेवढ्यात विल्टोर्डनं बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये त्रेझेगेच्या गोल्डन गोलनं खेळ खल्लास.

दुसऱ्या दिवशी एसी मिलानचे मालक आणि तेव्हाचे विरोधी पक्षनेते बर्लुस्कोनी यांनी जाहीरपणे तोफ डागली. झिदानला मोकळं सोडलं, हे एखाद्या हौशी कोचलाही कळलं असतं, असा एकंदर सूर. झॉफनं पुढच्याच दिवशी राजीनामा दिला. स्वाभिमानाचे धडे मी बर्लुस्कोनींकडून घेणार नाही, असं सुनावून तो चालता झाला.

त्या वेळी अनेकांना वाटलं, हा जरा अतीच करतोय. टीका तर टीका, त्यात काय एवढं? बर्लुस्कोनी काही त्याचे बॉसही नव्हते. आणि झिदानचा मुद्दा फुटबॉल म्हणून अगदीच चुकीचा होता असंही नाही.

पण मला झॉफ पटतो. हा काही टीकेला घाबरणारा माणूस नव्हता. १९७८ मध्ये त्याच्या कामाला नावं ठेवली, त्यानं कामानं उत्तर दिलं. १९९० मध्ये नोकरी गेली, तो गुपचूप निघाला. २००० मध्ये मात्र त्याच्या दोन वर्षांच्या मेहनतीची चारचौघांत टिंगल झाली. तुझं हे चुकलं, असं म्हणणं वेगळं आणि तुझी लायकीच नाही, असं म्हणणं वेगळं. पहिलं ऐकून घ्यायचं असतं, रात्री झोप उडाली तरी. दुसरं ऐकून घ्यायचं नसतं.

आपला प्रॉब्लेम काय, तर आपण नेमकं उलटं करतो. अप्रेझलमध्ये दोन मार्क कमी पडले की रागारागात राजीनामा टाइप करायला घेतो आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कुणी पाणउतारा केला की ईएमआय आठवून हसतो. ईएमआय खरा आहे, मान्य. सगळ्यांनाच झॉफसारखं दुसऱ्या दिवशी दार उघडून निघून जाणं परवडत नाही. पण आपण नक्की कशामुळे चिडलोय, चुकीमुळे की अपमानामुळे, एवढं स्वतःला विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि राजीनाम्यानंतर झॉफचं काय झालं म्हणाल, तर संपला वगैरे काही नाही. २००१ च्या सुरुवातीला पुन्हा लॅझिओचा कोच झाला. २००५ मध्ये फिओरेंटिना खाली घसरायच्या बेतात होती, तेव्हा त्यांनी बोलावलं ते झॉफलाच. लीगच्या अगदी शेवटच्या दिवशी त्यानं टीम वाचवली.

ग्लोव्ह्ज नसले तरी काय झालं? माणूस शेवटपर्यंत गोलीच होता!